दोनशे बारा उल्लेख

४ मार्च, सोमवार

रोजनिशी लिहायची असं जानेवारीत ठरवलं होतं. वही अजून कोरी करकरीत आहे, म्हणजे काही नुकसान झालेलं नाही.

कॉलेज सोडल्यापासून तीन गावं, चार नोकऱ्या. सध्या मामांकडे, गच्चीवरच्या खोलीत. मामा किडनीचे डॉक्टर, संशोधनही करतात. त्यांचं सहा खाटांचं युनिट ठेवायचं की बंद करायचं, हे हॉस्पिटलची कमिटी वीस तारखेला ठरवणार. त्यासाठी मामांच्या छापून आलेल्या पेपरांची यादी हवी, आणि दुसऱ्या किती डॉक्टरांनी आपल्या पेपरात त्यांचा उल्लेख केला, तो आकडा. मामांना वॉर्डातून फुरसत नाही, म्हणून काम माझ्याकडे. दोन दिवसांचं आहे.

९ मार्च

सुरुवात करायला निघालो होतो. वाटेत एक माणूस जुनी घड्याळं उघडून बसलेला. चार दिवस त्याच्याकडे शिकलो. एक घड्याळ उघडता येतं आता. बंद करता येत नाही. उद्यापासून यादी, नक्की.

११ मार्च

मामांनी पेपरांची नावं स्वतःच्या अक्षरात दिली. म्हणाले, "फक्त हे सात. आठवा घालायचा नाही."

सातांची बेरीज एकोणीस उल्लेख. त्यातले सहा मामांनीच केलेले. एवढा मोठा माणूस आणि आपली पाठ आपणच थोपटायची वेळ. वाईट वाटलं. लवकर झोपलो.

१२ मार्च, दुपारी

आठवा सापडला! अठरा वर्षांपूर्वीचा, एका नव्या औषधावर. उल्लेख दोनशे बारा! मामांचा स्वभावच तसा, स्वतःचा डंका पिटणार नाहीत. यादीत पहिल्या नंबरावर टाकला, ठळक अक्षरात. मामांना सांगणार नाही. सरप्राइज.

लायब्ररीतल्या बाईंनी विचारलं, हे दोनशे बारा जण म्हणतात काय, ते वाचलंस का. मी म्हटलं, माझं काम मोजायचं. त्यांनी त्यांतले तीन पेपर छापून हातात दिले. खोलीत आल्यावर घडी करून माझ्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारले. टेबल आता झकास.

१३ मार्च

नुसत्या आकड्यांनी भागत नाही. पेशंटचे अभिप्राय हवेत. मामांच्या कपाटात त्या आठव्या पेपराच्या अभ्यासाचं रजिस्टर मिळालं. साठ नावं, पत्त्यांसकट. अकरा नावांपुढे मामांनी लाल पेन्सिलीने फुली मारलीय. खास पेशंट असणार. त्यांनाच मामांच्या लेटरहेडवर पत्रं लिहिली: 'आमच्या औषधाने आपणांस काय गुण आला, ते दोन ओळींत कळवावे.' खाली मामांची सही, माझ्या हातची, हुबेहूब. सोबत तिकीट लावलेलं उत्तराचं पाकीट. आपण कामाला लागलो की असे लागतो.

१७ मार्च

एकाचंही उत्तर नाही. गरज सरो, वैद्य मरो. दोन पत्रं परत आली, वर 'या पत्त्यावर नाहीत' असा शेरा. लोक घरं फार बदलतात, आणि भटक्या म्हणून नाव माझं.

मामीने जेवताना सांगितलं, मामांना झोप लागत नाही. युनिट गेलं तर त्या सहा खाटांवरच्या माणसांना घेणारं दुसरं कोणी नाही. मी तिला म्हटलं, निर्धास्त राहा. यादी पाठवून टाकली. मामांनी विचारलं, सातच ना? मी म्हटलं, अगदी.

२० मार्च, संध्याकाळी सहा

मामा आले ते बूटही न काढता बसले. कमिटीने त्या सातांबद्दल चकार शब्द काढला नाही. तासभर आठवाच. ठळक अक्षरात का, याचा अभिमान वाटतो का, असं विचारलं म्हणे. युनिट महिनाअखेर बंद. मामी माझ्याकडे बघेना. मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "तुला सात सांगितले होते रे."

वर येऊन टेबलाखालचे कागद काढले. अडखळत वाचले. पहिल्यात: या औषधाने किडन्या निकामी होतात, कोणी देऊ नये. दुसऱ्यात: मूळ अभ्यासातल्या साठांपैकी अकरा रुग्ण दगावले, हे लेखकाने पुढे स्वतःच कळवलं. तिसरा वाचला नाही.

मामांचे सातही पेपर बिघडलेल्या किडन्या कशा वाचवायच्या यावर आहेत. नावं मीच टाइप केली होती.

टेबल पुन्हा डुगडुगतंय.

उद्या सकाळी मामांना पत्रांचं सांगून टाकायचं. किंवा आधी घड्याळवाल्याकडे जाऊन यायचं. तो म्हणत होता, पलीकडच्या गावात माणूस हवाय.

साडेसात

बेल वाजली. मीच दार उघडलं. वयस्कर बाई, एकट्याच, हातात माझं पाकीट, तिकीट लावलेलं, रिकामं. म्हणाल्या, "डॉक्टर आहेत का? अठरा वर्षांनी त्यांनी आमच्या ह्यांची चौकशी केली. म्हटलं, दोन ओळींत काय मावणार, भेटूनच सांगावं."

त्यांना बसवलं, मामांना हाक मारली आणि वर पळून आलो. खाली खुर्ची सरकल्याचा आवाज आला.