चालून दाखव

११ फेब्रुवारी २००१, रविवार

आज मला चालायला शिकवलं. बाविसाव्या वर्षी!

कुसाआत्या खास त्यासाठी गिरणाऱ्याहून आली. पुढच्या रविवारी ओझरचे पाहुणे मला बघायला येणार. आबांनी आधीच माझ्या डाव्या चपलेला जाड तळ ठोकून आणलाय. आत्या ओट्यावर बसून हुकूम सोडते — ‘मांडीवरचा हात काढ. पाऊल बारीक टाक. अन् तोंड हसरं ठेव.’ हात काढला की गुडघा दगा देतो. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, तेव्हापासून डावा हात मांडीवर दाबूनच चालते. हात काढून चालायचं तर गुडघा मागे ताणून धरावा लागतो. संध्याकाळपर्यंत जमलं थोडंफार. कंबर अशी दुखतेय की लिहायला नीट बसवत नाही.

आई म्हणाली, ‘दिसतच नाय गं आता!’ तिला इतका आनंद झाला की मला राग आला. का आला, ते माहीत नाही.

१३ फेब्रुवारी

जनगणनेचे मास्तर आले. मला आत बसवलं. कोण, किती वय, किती शिकलेलं, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, ‘घरात कुणी अपंग? डोळे, कान, हात, पाय?’

‘नाय,’ आबा म्हणाले. आणि लगेच मेथीची जुडी दिली मास्तरांना.

मास्तर गेल्यावर मी विचारलं, असं का सांगितलं? तर म्हणे, ‘हेच मास्तर ओझरला बी हिंडत असतील. गावभर करायचंय का?’ ओझर कुठे, मखमलाबाद कुठे! पण आबांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

म्हणजे सरकारदरबारी मी आहे, बारावी पास आहे, टायपिंग झालेली आहे. माझा पाय तेवढा नाही.

१४ फेब्रुवारी

आता ऐका गंमत. जेवताना आबा म्हणाले, ‘शुक्रवारी अपंगांचं शिबिर हाय. सर्टिफिकेट काढून घेऊ. क्लार्कच्या जागेला लागतं. चाळीस टक्के पाहिजेत. तिथं मात्र नीट लंगड.’

शुक्रवारी लंगडायचं, रविवारी नाही. मी म्हटलं, आणि शनिवारी? आबांना हसू आलं नाही.

१५ फेब्रुवारी

आबांबरोबर पंचवटीत फुलं द्यायला गेले. पूजा सांगणाऱ्या गुरुजींची मुलगी उत्तरा दारात उभी होती. तिला आणि मला एकाच पावसाळ्यात ताप आला होता, हे आई नेहमी सांगते. उत्तराला मुंबईला नेलं. दोन ऑपरेशनं झाली, आणि ती वाढेल तसा पायात लावायचा लोखंडी कॅलिपर दर वर्षी नवा. मला एकदा मिळाला कॅलिपर. वर्षात तोकडा झाला. दुसऱ्याच्या वेळी फ्लॉवरला भाव नव्हता. मग पुढच्या वर्षी, मग पुढच्या. त्याची सळई आता विहिरीवरच्या मोटारीच्या खोपीला कडी म्हणून आहे.

उत्तरा बँकेत लागलीय. पायऱ्या उतरून खाली आली, माझ्या ओंजळीतली शेवंती घेतली. जरा तिरकी चालते, एवढंच. छान आहे स्वभावाने. म्हणूनच तिचा राग करता येत नाही, आणि तो कुणावर करायचा ते कळत नाही. तापावर करावा तर तो आमच्या दोघींना सारखाच आला होता.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

काय करून बसले मी!

शिबिराला एवढी माणसं. रांगेत माझ्यापुढे सुरगाण्याची नवसाबाई. पाठीवर दहाबारा वर्षांचा मुलगा, दोन्ही पाय लोंबकळताहेत. दिंडोरीला द्राक्षाच्या कामावर आलेली. म्हणाली, ‘दोन येळा येऊन गेले, नंबरच नाय लागला. आज बी रोज बुडला.’ मागे मालेगावचा एक यंत्रमागवाला, तीन बोटं गेलेला. तो हसतच होता सारखा. रांगेभर मी नजर फिरवली, उत्तरासारखं कुणी दिसलं नाही. पाय-डोळे फक्त आमच्यासारख्यांचेच जातात की काय? की त्यांचेही जातात आणि त्यांना रांगेत यावं लागत नाही? उभ्या उभ्या हेच डोक्यात.

नंबर आला. डॉक्टरांनी टेपने पाय मोजले, गुडघा दाबून बघितला. मग म्हणाले, ‘चालून दाखवा.’

आणि मी चालले — हात न लावता! गुडघा ताणून, पाऊल बारीक, तोंड हसरं. आठवडाभर तेच घोटलेलं. मध्यावर पोचले तेव्हा लक्षात आलं.

‘हाताचा आधार लागत नाही?’

‘नाही.’ तोंडातून गेलंच. रविवारच्या पाहुण्यांसाठी पाठ केलेलं उत्तर.

‘छान मेहनत घेतलीय,’ म्हणाले. पस्तीस टक्के.

घरी आल्यावर आबा कुसाआत्याला बोलले, नको इतकं.

१८ फेब्रुवारी

पाहुणे आले. मुलगा लहानू, सातपूरला कंपनीत कंत्राटी कामाला. त्याची आई, आणि मध्यस्थ चिमाजीमामा. आत्याने मला ते यायच्या आधीच सतरंजीवर बसवून ठेवलं होतं. पोहे आईने नेले. सगळं बसल्या बसल्या पार पडणार म्हणून आत्या खुशीत. तेवढ्यात मुलाची आई उठली. ‘चल पोरी, मळा दाखव तुमचा.’

आबांचा चेहरा पडला. मी चप्पल अडकवली आणि निघाले.

पण सकाळीच कोथिंबिरीला पाणी सोडलेलं! वाफ्याच्या वरंब्यावर सगळा चिखल. लहानूची आई घसरतेय, लहानू दोन्ही हात पसरून तोल सावरतोय, आत्या तर एका पायाने पाटातच गेली. ओल्या वरंब्यावर सरळ चालेल असा माणूस जन्मायचाय. सगळ्यांत कमी मीच धडपडले, जन्म गेलाय तोल सांभाळण्यात. लहानूने खाली वाकून मला माझी रुतलेली चप्पल काढून दिली. तळ बघितला असेल का त्याने? चिखलाचा हात पाटात धुऊन पुढे निघाला. डोळे बरे आहेत त्याचे.

१९ फेब्रुवारी

होकार आला. आई रडली. मी पण रडले, पण तिच्यासारखं नाही.

२६ फेब्रुवारी

चिमाजीमामा आले. चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, ‘लहानूची आई विचारते, पोरीचं सर्टिफिकेट झालं का?’

‘तिला कसं माहीत?’ — आबा.

‘मीच सांगितलं पहिल्या दिवशी. पाय माहीत होता म्हणून तर आली ती. पोरगं कंत्राटी, आज हाय उद्या नाय. सुनेला सरकारी नोकरी लागली तर दोघांचं भागंल. चाळीसच्या वर असलं तर सुपारी फोडू म्हणते.’

चप्पल, साडी, हसरं तोंड — कुणासाठी केलं आम्ही? मळा बघायला म्हणून निघाली, आणि बघत होती माझा पाय. पुरेसा वाईट आहे ना, हे.

चप्पल देताना लहानूलाही हेच बघायचं होतं का? हे सगळ्यात जास्त टोचतंय.

२७ फेब्रुवारी

सोमवारी फेरतपासणी. आत्या पुन्हा ओट्यावर. ‘हात ठेव मांडीवर. अगं, जास्त वाक!’ ठेवला. पण पूर्वी किती दाबत होते, तेच आठवेना. कमी वाकले तर खोटं वाटतं, जास्त वाकले तरी खोटंच वाटतं. आई बघून म्हणाली, ‘अशी नव्हतीस चालत तू.’ मग कशी? ते तिलाही सांगता येईना.

३ मार्च

जनगणनेचे मास्तर शेवटची फेरी मारायला आले. आबा वाफ्यातून धावत गेले. ‘मास्तर, तेवढं लिहा. आमच्या पोरीचा पाय अधू हाय. लय अधू हाय.’ सरकारी कागदावर आलं तर डॉक्टर ऐकतील, असं त्यांच्या मनात.

मास्तर म्हणाले, ‘या फेरीत फक्त जन्म आणि मृत्यू लिहितो हो आम्ही.’

आबा हातातली मेथी तशीच धरून उभे राहिले. इतकं केविलवाणं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. त्यांनी काय वाईट केलं? माझं भलंच बघितलं, दोन्ही वेळा.

५ मार्च, सोमवार

तेच डॉक्टर. शेजारी आबा. ‘चालून दाखवा,’ डॉक्टर कागदात बघत म्हणाले.

मी उठले. हात मांडीकडे गेला, मागे आला, परत गेला.

‘कशी?’ मी विचारलं. खरंच माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी मान वर केली. आबांनी खाली घातली.