प्याल्यात उरलेलं

नागपूर,
शनिवार, दुपारचे चार

प्रिय प्रेमानंद,

सोबतच्या पिशवीत दोन बाटल्या आहेत. पत्र संपेपर्यंत बूच काढू नकोस.

उद्या ईस्टर, पाळक म्हणून तुझं पहिलं प्रभुभोजन; चर्चच्या मंडळीला भाकर आणि द्राक्षारस पहिल्यांदाच तुझ्या हातून मिळणार. फेब्रुवारीत तू सीताबर्डीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आलास. मी मिक्सर उघडून बसलो होतो. स्टूल ओढून म्हणालास, "मन्या, द्राक्षारस तूच बनव गा. मले तुह्याच हातचा पाहिजे." किती सहज! अकरा वर्षांपूर्वीच्या ईस्टरलाही तो माझ्याच हातचा होता. मी सातवी शिकलेला माणूस. शब्दकोश उशाशी ठेवून पुस्तकं वाचली, तीन हंगाम नासवले, तेव्हा कुठे जमला. कळमन्याच्या बाजारातली काळी द्राक्षं, बारा किलो, एकेक देठ खुडून. त्यातल्या दोन बाटल्या आदल्या दिवशी तू प्यायलास आणि त्यांत साखरेचं लाल पाणी भरून ठेवलंस. वेदीपाशी इंदुताईंनी पहिला घोट घेतला आणि सगळ्या मंडळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अवं माय, हे तं शरबत हाय!" लोक हसले. मग माझ्याकडे वळले, कारण चर्चमधल्या द्राक्षारसाच्या कपाटाची चावी माझ्याकडे असायची. ती तुला मीच दिली होती, हे फक्त आपल्या दोघांना ठाऊक.

त्या संध्याकाळी माझ्या घरी येऊन रडलास. म्हणालास, पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर सांगतो. तो रविवार अजून यायचा आहे. मी तुझं नाव घेतलं नाही. तू स्वतः बोलशील म्हणून थांबलो. हा माझा ताठा, मान्य. चावी गेली, मी दारुडा ठरलो, आणि आयुष्यात दारूचा घोट चवीपलीकडे घेतलेला नाही! तेव्हापासून प्रभुभोजनाला सगळे उठतात, मी बाकावर बसून राहतो. मनात वैर ठेवून तो प्याला ओठांना लावायचा नाही, एवढं शास्त्र मला कळतं. भूक मात्र लागते, प्रेमानंद. दर महिन्याला लागते.

मग गेल्या वर्षी तू मंडळीसमोर उभं राहून साक्ष दिलीस. दारू कशी लागली, सहा वर्षांपूर्वी कशी सुटली, बायको कशी माहेरी गेली, सगळं सांगितलंस. दोन बाटल्या सोडून. लोकांनी डोळे पुसले. मी त्या दिवशी ठरवलं, संधी मिळाली की याची परतफेड करायची.

प्याल्यात उरेल ते पाळकानेच संपवायचं, थेंब टाकायचा नाही, हा आपल्याकडचा नियम. मी हिशोबच केला. पुढे येणारी माणसं एकशे चाळीस. प्याला काठोकाठ भरला तर तळाशी अर्धा ग्लास उरतो. सहा वर्षं कोरड्या असलेल्या माणसाला अर्धा ग्लास पुष्कळ झाला. म्हणून नशा वाढावी यासाठी साखर दोनदा घातली, एकेचाळीस दिवस ठेवला. इतका कडक आणि इतका देखणा द्राक्षारस मी कधी केला नव्हता.

बुधवारी, तू घासायला दिलेला मोठा प्याला परत द्यायला चर्चमध्ये आलो, तर तू वेदीपाशी एकटा सराव करत होतास, जुन्या प्याल्यात पाणी घेऊन. उरलेलं प्यायलास. मग रिकाम्या प्याल्याला नाक लावलंस आणि विस्तव लागावा तसा दूर केलास. मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू. पण घरी येऊन प्रभूच्या प्रार्थनेला बसलो. क्षमेच्या ओळीशी माझी जीभ अडते, ते नेहमीचंच. त्या दिवशी पहिल्या शब्दालाच अडली: 'आमच्या पित्या', म्हणजे तुझ्याही.

गुरुवारी सगळा द्राक्षारस मोरीत ओतला. उकळून नशा पूर्ण जात नाही, म्हणून तो भरवसा ठेवला नाही. पुन्हा कळमन्याला गेलो, ताजी द्राक्षं आणली, रस काढला, तीनदा गाळला, उकळून गरम असतानाच बाटल्या बंद केल्या. यात नशेचा थेंब नाही. तळापर्यंत पी, तुला काही होणार नाही. मात्र याला माफी समजू नकोस. उद्या प्याला उचलण्याआधी त्या दोन बाटल्यांचं मंडळीसमोर सांग. मी डावीकडच्या तिसऱ्या बाकावर असेन. सांगितलंस, तर अकरा वर्षांनी उठून पुढे येईन. नाही सांगितलंस, तर सगळे उठतील आणि मी बसून राहीन. मग शेवटी प्याल्यात जे उरेल त्यात माझाही घोट असेल. तोही तूच पी.

अजून तरी तुझाच,
मनोहर