माझ्या तोंडाचा भाव

१२ नोव्हेंबर, बुधवार

विसरलास ना रे! काल केवढं बोलले तुझ्याशी — आणि आज बघते तर कोरा करकरीत. दीपमालाला फोन केला तर हसते! "मोठी माय, बोलून झालं की हिरवं बटण दाबायचं असतं." म्हणजे विसर तुझा आणि बोलणी मला. अगदी आमच्या ह्यांच्यासारखा आहेस. ते तरी जेवायची वेळ कधी विसरले नाहीत.

दीपमाला माझी नात. जळगावला तिचा फोटोचा स्टुडिओ आहे. तिनंच तुला माझ्या फोनमध्ये बसवलं. म्हणाली, तुला लिहिता येत नाही ना, मग बोल, फोन लिहील. तू काय लिहितोस ते मला वाचता येत नाही. बरंच आहे. मनातलं सांगायला असाच हवा, उलट न बोलणारा.

तर पुन्हा ऐक. काल पारोळ्याच्या स्टँडवर लेकीला गाडीत बसवलं. मान वर केली — तर वर बोर्डावर मी! माझं तोंड, खळ्याएवढं. मागच्या उन्हाळ्यात दीपमालानं मळ्यात काढलेला फोटो. हातात पाण्याचा तांब्या, आणि दात नसलेलं हसू. शेजारी भटू रिक्षावाला उभा होता.

"अक्का, तुम्ही गोळ्या सोडल्या?"

"कसल्या रे?"

"साखरेच्या. वर लिहिलंय ना — 'या चूर्णानं माझी साखर गेली, मी गोळ्या सोडल्या. सुमनबाई, नाशिक.'"

मला साखर कधी नव्हतीच! नाशिक मी पाहिलेलं नाही. आणि ही सुमन कोण? तोंड माझं, नाव तिचं, दुखणं तिसरीचंच! भटू आणि मी पोट धरून हसलो. घरी येईपर्यंत हसत होते. मग दाराची कडी काढताना समोर नजर गेली. समोरच्या घरात पुष्पा राहते. पुष्पाला खरीखुरी साखर आहे. आणि ती रोज स्टँडवरून जाते.

हिरवं बटण. दाबलं बघ.

१३ नोव्हेंबर

दीपमालाला सांगितलं तर फोनवर ओरडलीच. "कॅलेंडरसाठी दिला होता गं तो!"

धुळ्याचा योगेंद्र — तिच्या बहिणीच्या सासरचा — जाहिरातींचं काम करतो. म्हणाला, आजींचा फोटो दे, गावाकडचं कॅलेंडर करतोय. दोन हजार रुपये दिले. कागद करावा म्हणून दीपमाला अडली, तर तिचा बाप ज्ञानेश्वर, म्हणजे आमचे चिरंजीव, तिच्यावरच खेकसले — "सोयऱ्याकडे कागद मागतात का? उद्या पोरीला सासरी ऐकून घ्यावं लागेल!" मग तिनं मोबाइलवर एकच शब्द पाठवला. 'वापरा.'

"कशासाठी ते लिहिलं नाही. किती दिवस ते नाही. कुठं ते नाही." रडायलाच लागली.

मी म्हटलं, अगं, लग्नाला मोठं पातेलं दिलं तरी विचारतो आपण, परत कधी आणशील? तर म्हणते, "फोटो परत येत नसतो, मोठी माय. गेला की त्याची पिल्लं होतात."

पिल्लं! आता माझी तोंडं कुठं कुठं हिंडताहेत कोण जाणे.

१५ नोव्हेंबर

ज्याची भीती होती तेच.

पुष्पा आली, पदराखाली डबा. डब्यावर मी. लाजत म्हणते, "तू चूर्ण खास म्हनीसन मी बी सुरू कयं, अक्का. गोळ्या फेकी दिन्यात."

 म्हटलं, पुष्पे, मी नाही खात. मला साखरच नाही. तो फोटो चोरीचा आहे.

ती हसायला लागली! "माले फसाडू नको. तुना फोटो शे ना वर!"

देवाशपथ म्हटलं. आणखी हसली. तिचंही खरं आहे. ती नवी नवरी होऊन गल्लीत आली तेव्हा मी तिच्या कानात सांगितलं होतं, तुझा नवरा ठार बहिरा आहे, कुणी बोलत नाही एवढंच. दोन दिवस बिचारी त्याच्याशी ओरडून बोलत होती, आणि तो समजला बायको खडूस आहे! जन्मभर मी असंच केलं. तिला हसवण्यात माझा दिवस जायचा. आता खरं सांगते तर तिला वाटतं, ही पुन्हा सुरू झाली.

जाता जाता म्हणते, "एकटीच बरी व्हशी का? माले बी व्हऊ दे."

तिच्या पायाच्या अंगठ्याला चटका बसलाय. चुलीतलं लाकूड लागलं. तिला कळलंच नाही म्हणे, दुखतच नाही.

१६ नोव्हेंबर

आज काही नाही. नुसती भीती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दीपमाला मला धुळ्याला घेऊन गेली. नसीमभाईंकडे. ते जुने फोटोवाले, पेपरांना, कंपन्यांना फोटो देतात. दीपमाला त्यांच्याकडेच शिकली. चहा आला, बिस्किटं आली, पण त्यांनी आधी तिचे कान उपटले.

"बेटा, तू फोटो विकला असं समजतेस. आपण फोटो विकत नाही. वापरायची परवानगी देतो. कॅलेंडरचा भाव वेगळा, डब्याचा वेगळा, रस्त्यावरच्या बोर्डाचा वेगळा. एका वर्षाचा वेगळा, कायमचा वेगळा. धुळ्यापुरता वेगळा आणि देशभर वेगळा. हे लिहायचं, मग भाव सांगायचा, मग फाइल द्यायची. तू उलटं केलंस."

"लग्नात पेनड्राइव्ह देऊन टाकतोच ना आपण, सर."

"तिथंच सवय बिघडली आपली सगळ्यांची."

मी म्हटलं, भाई, तिला नंतर रागवा, आधी मला वरून खाली उतरवा! तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विचारलं, "आजी, तुमची सही घेतली होती कुणी? जाहिरातीसाठी?"

"मला सही येत नाही. अंगठा."

"मग अंगठा घेतला?"

नाही. कुणी विचारलंसुद्धा नाही.

नसीमभाईंनी कप खाली ठेवला. म्हणाले, फोटोची परवानगी दीपमालाची. पण औषधाच्या डब्यावर चेहरा लावायला त्या चेहऱ्याच्या माणसाचीही लागते. ती योगेंद्रकडे नाही. "आज ना उद्या तो अंगठा मागायला येईल. तेव्हा सांभाळा."

परतीच्या गाडीत अंगठा मुठीत झाकून बसले. वेडीच मी.

२२ नोव्हेंबर

आला. योगेंद्र, पेढे घेऊन. पाया पडला, डोक्यावर हात ठेवून घेतला. पोरगं गोड आहे, तेच तर भय.

"आजी, तुम्ही तर स्टार झालात!"

"सुमन झाली. मी भिकूबाईच आहे."

हसला. मग कागद काढला. एवढाच अंगठा, म्हणाला, आणि तुमच्या तोंडाचा चांगला भाव. आकडा सांगितला. ऐकून मला वाटलं, तरुणपणी कुणी एवढा दिला असता तर निदान आरशात तरी बघितलं असतं!

"किती दिवस ठेवणार वर?"

"कायमचं, आजी. अमर व्हाल."

"म्हणजे मी मेल्यावरही लोकांच्या गोळ्या सोडवत हिंडणार?"

 मी पुष्पाचं सांगितलं. तो म्हणाला, डब्यावर बारीक लिहिलंय ना, डॉक्टरांना विचारा म्हणून. अरे, ती डबा बघते तो माझ्या तोंडासाठी. बारीक वाचायला तिला तरी अक्षर कुठं येतं?

मग त्याचा आवाज बदलला. अंगठा नाही दिला तर कंपनीचे छापलेले डबे, बोर्ड, सगळा खर्च दीपमालाच्या माथी येईल. 'वापरा' तिनंच लिहिलंय. स्टुडिओ विकावा लागेल तिला.

मी हात पुढे केला रे. खरंच केला. पोरीचा स्टुडिओ डोळ्यांपुढे आला. तेवढ्यात समोरच्या दारातून पुष्पानं हाक मारली, "अक्का, पाहुणा कोन शे?" लंगडत ओट्यावर आली होती. माझा हात आपोआप मागे आला. म्हटलं, बाबा, तुझे पेढे घेऊन जा.

गेला. तेव्हापासून गाडीचा आवाज आला की वाटतं नोटीस आली.

२३ नोव्हेंबर

आज बाजार. गेले स्टँडवर, बोर्डाखाली उभी राहिले, आणि ओरडले — ही मी! ही खोटं बोलते! मला साखर नाही! कुणी गोळ्या सोडू नका!

गर्दी जमली. लोकांना केवढी मजा! एकानं खांद्यावर हात टाकून सेल्फी काढला. भाजीवाली लताबाई विचारते, "अक्का, कितीला दिलं गं तोंड?" सगळे हसले. मीही हसले असते, दुसरी कुणी असती तर.

एका म्हाताऱ्यानं मात्र जवळ येऊन विचारलं, "डबा कोठे भेटस?"

मी खाली बसले. 

२५ नोव्हेंबर

पुष्पाचा अंगठा काळा पडला. वास येतो. म्हणते, चूर्ण आतली घाण बाहेर काढतंय, दुकानदारानं सांगितलंय. दवाखान्यात चल म्हटलं तर डबा छातीशी धरला.

तिच्या लेकीला फोन लावला. ती सुरतेला. म्हणाली, मावशी, आई माझं ऐकत नाही, तुमचंच ऐकते.

माझंच तर ऐकलं तिनं!

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दीपमाला सकाळच्या गाडीनं आली. डोळे सुजलेले, पण चालणं ताठ. बापाशी भांडून आली होती. योगेंद्रला दोन हजार परत पाठवले. नसीमभाईंनी सांगितलं तसं लिहूनही पाठवलं — परवानगी मागे घेतली, आणि चेहऱ्याची परवानगी कधी नव्हतीच. तिनं मला वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं, या कामासाठी या फोटोला भाव नाही. मी म्हटलं, बाई, पुन्हा वाच तेवढं.

"मोठी माय, भीती वाटतेय गं. दावा केला तर?"

"मलाही वाटतेय. चल, आधी फोटो काढ."

कल्पना तिचीच. मी पुष्पाच्या ओट्यावर बसले. विकत आणलेला डबा उलटा करून चूर्ण उकिरड्यावर ओतताना दीपमालानं माझा फोटो काढला. दुसऱ्या हातात पुष्पानं फेकलेलं गोळ्यांचं पाकीट, उकिरड्यातूनच उचललेलं. हसू नको म्हणाली. हसायचं सुचतच नव्हतं. मग फोटोवर मोठ्या अक्षरांत लिहिलं — मी भिकूबाई, पारोळा. मला साखर नाही. गोळ्या सोडू नका. खाली लिहिलं — हा फोटो कुणीही, कुठंही, फुकट लावावा, फक्त बदलू नये.

"आता बरोबर लिहिलंस," मी म्हटलं. "कुठं, कशासाठी, कितीला."

भटूनं लगेच रिक्षावर चिकटवला. दुपारपर्यंत सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. पुष्पाच्याही आला, भटूनं तिला वाचून दाखवला. ती बघायला लागली. फोनकडे, मग माझ्याकडे.

"आते फोटोमा बी तूच सांगस," म्हणाली. "मंग खरं व्हई."

तोंडानं सांगितलेलं खरं नाही. फोटोतलं खरं! कपाळावर हात मारला आणि भटूला हाक मारली. संध्याकाळच्या आत तिला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, विष पायातून वर चढलंय. मी तिच्या उशाशी आहे. तिनं विचारलं, "अक्का, मना नवरा खरंच बहिरा नव्हता ना?"

"थोडासा होता," म्हटलं.

हसली.

३० नोव्हेंबर

दीपमाला, आजचं हे तुझ्यासाठी आहे, भटूला हे तुझ्या फोनवर पाठवायला सांगते. दुपारपर्यंत आम्ही पुष्पाला घेऊन निघू, लेकीनं तोंड पाहिलं की मग नेतील. तिच्या घरी आज चूल पेटायची नाही. आपल्या घरी पिठलं टाक, ज्वारीच्या भाकऱ्या कर, वीसेक माणसांना पुरतील एवढ्या, आणि आम्ही पोचायच्या आत तिच्या दाराशी पाठव. तिखट बेताचं घाल, लेक सुरतेहून उपाशी येतेय. कांदा फोडून ठेव. गोड काही पाठवू नको.