लिम, मुक्काम रोहा

रोहा,
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय भाविका,

पायांची सूज उतरली का? तुझ्या आई, नूतनताई, फोनवर म्हणाल्या, संध्याकाळी चपला पायात जात नाहीत. आठव्या महिन्यात असं होतं. साईराजच्या वेळी मी तर यांच्या चपला घालून बालवाडीत जायचे आणि पोरं हसायची. पाय उशीवर ठेवून पडत जा. मूर्तींच्या कारखान्यात जातेस ते कळलं. घरात बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा ते बरंच, पण रंगाच्या खोलीत बसू नकोस, त्या वासाने डोकं धरतं. माझ्या माहेरून, गागोद्याहून, दादाने नवे तांदूळ पाठवलेत. त्यातले निम्मे तुझ्यासाठी काढून ठेवलेत. मऊसूत पेज होते त्याची.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू लगेच 'बाबा जेवले का' म्हणतेस, मी 'हो' म्हणते आणि मग दोघींनाही पुढचं बोलवत नाही. सून म्हणून तू या घरात दोन वर्षंही धड राहिली नाहीस आणि तरी तू माहेरी पेणच्या रामवाडीला गेल्याने घर एवढं रिकामं होईल असं वाटलं नव्हतं. साईराज गेला तेव्हा निदान रडायला आपण तिघं एका ठिकाणी होतो. आता हे सकाळी उठतात, झाडांना पाणी घालतात आणि ओट्यावर बसून राहतात. मी शाळेतून आले की भात गरम करते. दोघंही टीव्ही लावतो आणि दोघंही बघत नाही.

परवा गॅसवाला पावती देऊन गेला, त्यावर पुन्हा 'लिमये'. यांनी ती बराच वेळ हातात धरली. पूर्वी असं झालं की हे त्याला थांबवून सांगायचे, "ये नाय, नुसता लिम." पोस्टात सांगायचे, रेशनच्या दुकानात सांगायचे. एकदा एक भिक्षुक लिमयांचं घर म्हणून श्रावणात आपल्या दारात आले होते आणि दार यांनी उघडलं. यांचा चिनी चेहरा बघून ते गृहस्थ असे गोंधळले की शेवटी मीच त्यांना सरबत देऊन बसवलं. परवा मात्र यांनी त्याला तसंच जाऊ दिलं. पावती घडी करून खिशात ठेवली.

तुला आमच्या लग्नाचं सगळं कधी सांगितलंच नाही मी. यांच्या वडिलांची कोलकात्याला टॅनरी होती. चामड्याचा तो सगळा धंदा तिथून हलवायचा हुकूम आला, तेव्हा भावंडं कॅनडाला गेली आणि हे रंगांची माहिती होती म्हणून रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टवर लागले. माझ्या मावशीच्या चाळीत खोली घेऊन राहायचे. पहिल्याच वर्षी यांना कावीळ झाली. विचारणारं कोणी नव्हतं. मावशी पेज करायची आणि मी नेऊन द्यायचे. मी तेव्हा बालवाडीच्या ट्रेनिंगसाठी तिच्याकडे राहिले होते. कावीळ बरी झाली तरी मी पेज नेतच राहिले, तेव्हा मावशीच्या लक्षात आलं.

माझे वडील गुणाजी कधी यांना भेटायला म्हणून रोह्याला आले नाहीत. म्हणाले, त्याला इकडे आण. हे गागोद्याला आले तेव्हा खळ्यावर झोडणी चालली होती. बाबांनी यांना पेंढ्यावर बसवलं आणि आई-बाप, नोकरी काही न विचारता पहिलं आडनाव विचारलं. आडनावावरून माणसाचं गाव कळतं, असा त्यांचा हिशेब. हे म्हणाले, लिम. बाबा म्हणाले, "ह्यात गाव खयचा?" तर यांनी काडी घेतली आणि खळ्याच्या मातीत एक झाड काढलं, त्याला लागून दुसरं. म्हणाले, आमच्यात हे असं लिहितात, दोन झाडं. म्हणजे जंगल, रान. बाबा त्या रेघांकडे बघत बसले. मग माझ्या आईला, हौसाला, हाक मारून म्हणाले, "अगो, लिंबच हाय ह्यो. झाडाचाच नाव हाय." त्या दिवसापासून गागोद्यात हे 'लिंबाचे जावई' झाले. लग्नाला नाही म्हणणारे पुष्कळ होते, पण बाबांचं उत्तर ठरलेलं होतं, झाडाच्या नावाचा माणूस वाईट नसतो. त्यांच्या त्या उत्तराने माझं आयुष्य मार्गी लागलं.

एक गोष्ट मात्र मला समजायला वेळ लागला. यांच्यात आडनाव आधी येतं आणि माणसाचं नाव नंतर. लिम शिन-फा. कंपनीत सगळे त्यांना 'लिमभाऊ' म्हणायचे ते त्यांचं पहिलं नाव समजूनच. मी विचारलं, असं उलटं का? तर म्हणाले, उलटं तुमचं आहे. आधी घर, मग माणूस. आपल्या कपाटावर तांबडा कागद लावलाय ना, ज्याच्यापुढे हे उदबत्त्या लावतात, त्याच्यावर त्यांच्या आजोबांच्या हातचं तेच अक्षर आहे. आजोबा चीनमधल्या मेइशियानहून बोटीने आले तेव्हा सोबत आणण्यासारखं दुसरं काही नव्हतं, असं हे सांगतात. त्या नावापायी त्यांनी सोसलंही. बासष्ट सालच्या लढाईनंतर यांच्या वडिलांना पोलिसांत हजेरी द्यावी लागायची. कितीतरी ओळखीच्यांनी त्या वेळी नावं बदलली. वडिलांनी नाही बदललं. पाच वर्षांपूर्वी सीमेवर पुन्हा गडबड झाली तेव्हा इथल्या एका दुकानदाराने यांना सामान द्यायला नकार दिला, हे मला बाहेरून कळलं. यांनी घरी येऊन फक्त एवढंच सांगितलं की साखर संपली होती त्याच्याकडे.

साईराजला मात्र त्या नावाचं ओझं कधी झालं नाही. शाळेत पोरं चायना म्हणायची, तर तो म्हणायचा, "व्हय, रोह्याचा चायना." कॉलेजात असताना एकदा मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आला आणि मला एक एक वाचून दाखवायला लागला. तैवानमध्ये म्हणे हे दोन नंबरचं आडनाव. फुजियान प्रांतात याच नावाची गावंच्या गावं. चीनमध्ये कोटीच्या वर माणसं. कुठे लिन म्हणतात, हाँगकाँगकडे लाम, व्हिएतनाममध्येही लाम, सिंगापूरला आपल्यासारखंच लिम, पण लिहायला बसलं की सगळ्यांची तीच दोन झाडं. "आई गो, आपण लय हाव," तो म्हणाला. "फक्त रायगडात कमी पडलो." हे ओट्यावर बसून ऐकत होते. इतके मोठ्याने हसलेले मी त्यांना क्वचित पाहिलंय.

आणि मग तू आलीस. लग्नात बायकांनी उखाण्यासाठी अडवलं तेव्हा तू म्हणालीस,

कुंडलिकेच्या काठावरती झाडं लावली दोन,
साईराज लिमांची झाले मी, आता अडवतंय कोण.

साईराजने तुला त्या अक्षराचं सांगितलं असणार हे माझ्या लक्षात आलं. यांना उखाणा नीट कळला नव्हता, मी कानात सांगितला. हे मंडपाच्या मागे गेले आणि डोळे पुसून आले. मी मुद्दाम त्यांच्याकडे पाहिलं नाही.

वडखळच्या पुढे ट्रेलरने त्याला उडवलं त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. तुला ते सांगायची गरज नाही. पण दुसऱ्या दिवशीचं तुला माहीत नाही, कारण तुला तेव्हा भान नव्हतं आणि डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन दिलं होतं. यांच्यात तरुण मुलगा गेला तर आईबाप त्याच्या प्रेतयात्रेत जात नाहीत. मोठ्यांनी लहानाला पोहोचवायचं नाही, अशी रीत आहे. कॅनडाहून यांच्या भावाने फोन करून बजावलं, तू जाऊ नकोस. हे फोन ठेवून तसेच उठले, पायात काही न घालता निघाले आणि नदीवर गेले. अग्नी कोणी द्यायचा असं भटजींनी विचारलं तेव्हा माझ्या माहेरचा कोणी भाचा पुढे होणार होता. हे म्हणाले, "मी देणार. मला दुसरा कोण हाय." घरी आल्यावर त्यांनी कपाटावरच्या कागदासमोर डोकं टेकलं आणि बराच वेळ उठले नाहीत. रीत मोडल्याची माफी मागत असतील.

त्यानंतर हे तुझ्याशीच तेवढं बोलायचे. तू बाळाबद्दल सांगितलंस, तेव्हा पहिल्यांदा जेवले. तुझ्या पोटाकडे बोट करून 'लिम आला की त्याला मी चिनी अक्षरं शिकवीन' म्हणाले होते, आठवतं? तू 'मुलगी झाली तर?' म्हणालीस, तर म्हणाले, तिला आधी शिकवीन. ते वाक्य तू मनात धरून बसलीस, हे मला आता कळतंय. त्यात त्यांचा दोष नाही आणि तुझाही नाही. त्या दिवशी आपल्या तिघांकडे धरून ठेवायला दुसरं काहीच नव्हतं.

मागच्या रविवारी तुझे वडील येऊन गेले. तुला सांगितलं नसेल त्यांनी. काळुरामभाऊंनी आधी चहा घेतला. मग मान खाली घालून म्हणाले, "ताई, तोंड नाय मला हे बोलायला." प्रणितची तुला मागणी आली आहे, हे सांगितलं त्यांनी. ज्याच्या कारखान्यात तू लग्नाआधी मूर्तींचे डोळे आखायचीस तो प्रणित. तू परत कामावर आल्यापासून तो तुझी खुर्ची खिडकीशी ठेवतो आणि त्याची आई तुझा डबा गरम करून देते, एवढं नूतनताईंनी मला आधीच सांगितलं होतं. बाळंतपण झाल्यावर वर्षभर थांबायची त्यांची तयारी आहे, बाळाला तो आपलं नाव देईल. काळुरामभाऊ म्हणाले, पोरीलाही माणूस वाईट वाटत नाही, पण ती म्हणते, 'रोह्याच्या बाबांचं नाव माझ्या पोटात हाय, मी ते दुसऱ्याच्या घरी कसं नेऊ?'

मी यांच्याकडे बघायला घाबरले. हे उठून कपाटाशी गेले आणि त्या तांबड्या कागदाकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, आता काळुरामभाऊंना 'या आता' म्हणून वाटेला लावतील. पण हे वळले आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत एक गोष्ट सांगायला लागले. इतक्या वर्षांत मलाही सांगितली नव्हती. फार पूर्वी त्यांच्याकडे एक दुष्ट राजा होता. बी-गान नावाचा त्याचा काका त्याला खरं तेच सांगायचा, म्हणून राजाने त्याचं काळीज काढून मारलं. त्याची बायको पोटुशी होती. ती पळाली आणि एका रानात लपली. तिथेच तिला मुलगा झाला. पुढे तो राजा पडला, नवा राजा आला. त्याने त्या बाईला बोलावून मुलाला मान दिला आणि आडनाव दिलं, लिम. रानात जन्मला म्हणून रान. एवढं सांगून हे थांबले आणि म्हणाले, "काळुरामभाऊ, पहिला लिम होता ना, त्याला पण बापाचं नाव नाय भेटलं. आईला जिथे आसरा भेटला, ते नाव भेटलं. बी-गानचा मुलगा मग कोणाचा नाय झाला काय?"

काळुरामभाऊ रडले. मीही रडले. हे नाही रडले. त्यांना सोडायला रिक्षापर्यंत गेले आणि परत आल्यावर मला म्हणाले, जगात लिम खूप आहेत, साईराजने मोजले होते. भाविका एकच आहे.

यांना हे तुला स्वतः सांगायचं होतं. दोनदा फोन हातात घेतला आणि दोन्हीदा माझ्याकडे दिला. म्हणून हे पत्र मी लिहिते आहे. प्रणितला हो म्हण किंवा नाही म्हण, आम्ही त्यात पडणार नाही. पुन्हा लग्न करायचंच नसेल तर हे घर तुझंच आहे आणि बाळाचंही. पण नाही म्हणायचं तर ते तुझ्या मनातलं नाही असू दे. आमच्या नावासाठी नको. आमचं नाव तुझ्या गळ्यात बांधून आम्हाला काय मिळणार आहे? बाळ झालं की नूतनताईंना कळवायला सांग, आम्ही पहिल्या गाडीने पेणला येऊ. त्याला कुठलंही आडनाव लागो, बघायला आम्ही येणारच. पुढे तू दुसऱ्या घरी गेलीस तर तिथे आमची ओळख काय करून द्यायची ते तू ठरव. आजी-आजोबा म्हणालीस तर यांना फार बरं वाटेल. नुसते रोह्याचे पाहुणे म्हणालीस तरी आम्ही येऊ, चहा घेऊ आणि बाळाला मांडीवर घेऊन थोडा वेळ बसू.

तुझीच,
रोह्याची आई