न दाबलेला गांधार

पंचवटी, नाशिक. कार्तिक शुद्ध अष्टमी, सायंकाळ.

अजून मन थाऱ्यावर नाही. माझ्या नातीला, मुक्ताला, संगणकावरील संगीतासाठी सिंथेसायझर हवा होता, म्हणून तिच्यासोबत दुकानात गेलो. परवडणारी यंत्रे दोनच होती. तिने निवडले ते एका वेळी एकच स्वर देणारे! एकच स्वर!

"अगं, यावर साधे षड्ज-पंचमही एकत्र वाजणार नाहीत. ते दुसरे घे."

"आजोबा, तुमच्या गळ्यातून एका वेळी किती निघतात?"

दुकानदार हसला. मी रागावलो, हे खेळणे घरात नको, असे स्पष्ट सांगितले.

तिने षड्जाची पट्टी दाबून धरली आणि स्वरात दडलेले सूक्ष्म स्वर एकेक करून उठवणारे एक बटण सावकाश फिरवत नेले. षड्ज चालूच होता, आणि त्या एका स्वरातून गांधार उमटला. न छेडता आपोआप उमटणारा, स्वयंभू गांधार! तो तर उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतूनच ऐकू येतो ना? तिचे बोट एकाच पट्टीवर होते. मी पुन्हा वाकून पाहिले. एकाच.

"आजोबा, मग कोणते बांधू?" दुकानदाराने विचारले. मी ते एकाच स्वराचे यंत्र दाखवले.

नादाला ब्रह्म म्हणत आलो, आणि आयुष्यभर त्याला तंबोऱ्याच्या भोपळ्यातच राहायला लावले?