पायथ्याशी सोडलेले सरडे

३ एप्रिल
तळपायाची आग मस्तकात गेलीय! दोन दिवस मी तापाने काय पडले, तेवढ्यात माझ्या मार्गदर्शक सरांनी शिखरावरचे डोंगरसरडे पकडून खाली पायथ्याशी सोडून दिले. तीन वर्षं मी त्यांचा अभ्यास करतेय — मला साधं विचारलंही नाही! वर हॉटेल होणार ना. आणि हॉटेलचा इंजिनियर कोण? माझाच सख्खा दादा. "खाली जागाच जागा आहे," म्हणे. जागा आहे हो. पण ऊन?

६ एप्रिल
दिवसभर पायथ्याशी बसले. दगडाला हात लावला तर चटका बसतो. सरडे सकाळी जरा डोकावतात, की लगेच कपारीत. ते थेट संध्याकाळपर्यंत. मग किडे धरायचे कधी? बाहेर आले तर भाजणार, आत बसले तर उपाशी. वर गारवा असतो म्हणून तिथे दिवसभर हिंडून खातात. इतकं सरळ आहे! सरांना कळत नाही? चांगलं कळतं. सोंग नुसतं!

जेवताना दादा — "सरड्यांपायी भावाच्या पोटावर पाय देणार तू?" मी ताट सरकवून उठले.

१२ एप्रिल
अबोला चालू. जेवताना मीठसुद्धा वहिनी बिचारी माझ्याकडून घेऊन दादाला देते.

१५ एप्रिल
एक मादी मेलेली सापडली. पोटात अंडी. बरणीत घालून सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी चष्मा वर केला — "नमुना नीट जपून ठेवा हं." नमुना! बरणी फेकून मारली नाही, एवढंच.

घरी आणून दादासमोर ठेवली. बराच वेळ बघत बसला.

१९ एप्रिल
दादा जीप घेऊन दारात! "चल, उरलेत तेवढे गोळा करू." ओल्या गोणपाटाखाली पिशव्या ठेवून सगळे वर नेऊन सोडले. "तुझ्या नोकरीचं काय?" मी विचारलं. "गाडी चालवू दे," म्हणाला. सरांचे फोनवर फोन. वाजू देत मेले!

२० एप्रिल
सकाळीच पुन्हा शिखरावर. कालचे सरडे कपारीत. दमले असतील, म्हटलं. मग मी पलीकडच्या खडकांवर गेले. तिथे सरांची माणसं पोचलीच नव्हती. गेल्या एप्रिलमध्ये तिथले सरडे भर दुपारीही बाहेर हिंडताना पाहिलेत मी. आज वारा नाही. दगडाला हात लावला, तर पायथ्यासारखाच चटका. आणि तेही सगळे कपारीत.

यांना तर कुणीच हलवलं नव्हतं.