झाडावरची गाठ

सोमवार, ७ ऑक्टोबर

हसं झालं माझं! इतकी वर्षं कोआला शोधतेय आणि आज एका गाठीला फीत बांधून आले. लाकडाची गाठ. बेचक्याखाली फुगलेली, करडी, कुणीतरी पाठ करून झोपल्यासारखी. फीत म्हणजे वर कोआला, नियमाप्रमाणे ते झाड आणि भोवतीची आठ झाडं उभी ठेवायची, म्हणून केलने झाडं पाडायचं यंत्र वळवलं, ते बेट सोडून बाकीची रांग पाडली. डबा खायला बसला तेव्हा म्हणाला, "ब्रॉन, तुझं अस्वल सकाळपासून हललेलं नाही. श्वास घेतंय का तेवढं बघ."

त्याला हसायचा हक्क आहे, धाकटा भाऊ आहे. पण फर्गसही हसला, आणि ठेकेदार हसलेला मला आवडत नाही. दुर्बीण लावून सगळ्यांनी बघितलं. गाठच.

मग सकाळी मला काय दिसलं?

मंगळवार, ८ ऑक्टोबर

आज प्रत्येक झाड दोनदा बघितलं. मान मोडली. फर्गस यंत्राशेजारी उभा राहून घड्याळ बघत होता. बघू दे.

गुरुवार, १० ऑक्टोबर

नर ओरडायला लागलेत. ऑक्टोबरातला वसंत आला की यांच्या अंगात येतं. एवढासा आळशी जीव, दिवसभर झोपा काढणारा, आणि आवाज म्हणाल तर जुनी मोटरसायकल आणि डुक्कर यांचं भांडण! आवाज आला तरी कुठल्या झाडावरून ते कळत नाही. डोळ्यांनीच शोधावं लागतं.

ही निलगिरी कागदासाठी लावलेली. कोआलांना ते कोण सांगणार? त्यांना वाटतं आपल्यासाठीच पेरलीय. आईच्या पोटावरच्या पिशवीतून बाहेर आल्यापासून इथलाच पाला. आणि आता आम्ही सगळे मिळून त्यांचं घर पाडतोय — मी पुढे, केल मागे. मी पुढे असते म्हणून ते मरत नाहीत. एवढंच माझ्या कामाचं पुण्य.

शनिवार, १२ ऑक्टोबर

गावात गेले होते. दुकानासमोरचा विजेचा खांब मधोमध वाकलाय. दुकानदारीणबाईला म्हटलं, गाडीबिडी आदळली का? ती खांबाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "सरळ तर आहे," म्हणाली.

घरी येऊन एक एक डोळा झाकून बघितलं. डाव्याने दाराची चौकट सरळ. उजव्याने वाकडी, आणि मधोमध धुरकट ठिपका. नजर हलवली की ठिपका सोबत येतो. कडेचं सगळं नीट दिसतं. जिथे बघावं नेमकं तिथेच काही नाही.

दुर्बिणीला मी उजवा डोळा लावते.

रविवार, १३ ऑक्टोबर

झोप नाही. स्वयंपाकघर पुसलं. पुन्हा पुसलं.

सोमवार, १४ ऑक्टोबर

डाव्या डोळ्याने काम केलं. जमतं. डोळ्याच्या डॉक्टरकडे हॅमिल्टनला जायला हवं, कळतंय मला. हा टापू कापून झाला की जाईन. आता गेले तर ते कागदावर लिहून देतील, आणि कागदावर आलं की संपलं. मला घरात बसून स्वेटर विणता येत नाही. विणलेच तर त्यांचीही चौकट वाकडी येईल!

शिवाय माझ्या जागी येईल कोण? शहरातून एखादा येईल, झाडाच्या एकाच बाजूने बघेल आणि पुढे जाईल. कोआला माणूस दिसला की खोडामागे सरकतो, हे त्याला ठाऊक तरी असेल का?

(असं मी स्वतःला सांगतेय.)

बुधवार, १६ ऑक्टोबर

युक्ती सापडली. वर बघायचंच नाही, खाली बघायचं. झाडाखाली गुडघ्यांवर बसून लेंड्या शोधायच्या. ताज्या असल्या की हिरवट दिसतात, चुरगाळल्या की पाल्याचा वास येतो. सोबत खोडावर नखांचे ओरखडे असले की बांध फीत. संशय आला तरी बांध. गुडघे सोलवटले. पण आज एकही सुटला नसणार.

फर्गस चिडला. इतकी बेटं सुटली तर लाकूड पाडायचं कुठलं, की आपण इथे बाग करायला आलोय, असं सगळ्यांसमोर बोलला. केलने माझी बाजू घेतली नाही आणि त्याचीही नाही. मान खाली घालून सॉसेज रोल खात होता. हल्ली तो फार उशिरा येतो डबा खायला. इतका हळू कधी झाला?

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

सकाळी धुक्यात एक दिसला — कुंपणाच्या खांबावर. मोकळ्या रानात, भोवती नुसते बुंधे. गेल्या महिन्यातल्या बेटावरचा असणार. नऊ झाडांचा पाला कितीसा पुरणार? संपला की खाली उतरायचं आणि चालायला लागायचं. कुठे, ते त्यालाही ठाऊक नाही. पुढे रस्ता, कुत्री, मेंढ्यांची कुरणं. मी फीत बांधते तेव्हा वाटतं जीव वाचवला. वाचवला की लांबवला?

त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. त्याला माझं काही पडलेलं नव्हतं. शेवटी प्राण्यांच्या मदत केंद्राला फोन लावला, त्यांची बाई पिंजरा घेऊन आली.

सोमवार, २१ ऑक्टोबर

थर्मास विसरले म्हणून दुपारी मागे गेले. कापलेल्या भागात एरवी मी फिरकत नाही, माझं काम यंत्राच्या पुढे. एका बेटावर गुलाबी फीत. हे झाड मी फीत न बांधताच सोडलं होतं! सकाळी थर्मास त्याच्याच बुंध्याशी ठेवला होता, खाली लेंडी नव्हती, वारा असता तर उडाल्या म्हणाले असते, पण वाराही नव्हता.

मान कलती करून डोळ्याच्या कडेने वर बघितलं. बेचक्यात कोआला. पोराने काढलेल्या चित्रासारखा उघडा बसलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पण फीत बांधली कुणी?

मंगळवार, २२ ऑक्टोबर

फर्गसने माझ्यावर दुसरं माणूस लावलंय. मागून येऊन तपासतंय कुणीतरी. दिवसभर वळून वळून बघत होते. आडून विचारलं त्याला, फिती कमी पडतायत, अजून कुणी वापरतंय का? "तुझ्याशिवाय कोण वापरणार? तूच तर सगळं रान गुलाबी केलंयस," म्हणाला. खोटं बोलताना तो कान खाजवतो. कान खाजवला नाही.

चोराच्या मनात चांदणं. लपवतेय मी, आणि संशय घेतेय त्याच्यावर.

बुधवार, २३ ऑक्टोबर

मग मीच बांधली आणि विसरले? डोळे गेले तर गेले, डोकंही चाललं का?

गुरुवार, २४ ऑक्टोबर

डबा खायच्या सुट्टीत मागे गेले, मुद्दाम. अशी अजून झाडं आहेत. एक नाही, बरीच! मी सोडलेल्या रांगांत. एका फितीवर हात ठेवला आणि डोळे मिटले — तसाही त्यांचा काय उपयोग. गाठ चाचपली.

बाबांची गाठ. गळ बांधायची, तीन वेढे आणि शेपूट आतून. नदीकाठी बसवून आम्हा दोघांना शिकवलेली. मी अजून फीतसुद्धा तशीच बांधते. पण हिचे वेढे उलटे होते. शेपूट दुसऱ्या अंगाला.

केल डावखुरा आहे. बाबा त्याला म्हणायचे, "तुझा मासा आरशातला."

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

इतका राग आला की त्याच्या दारात गाडी उभी करून दार आपटलं. तू माझ्या मागे मागे फितीच बांधत फिरतोस? मी काय आंधळी भिकारीण आहे? यंत्राच्या केबिनमधून दिसला म्हणून बांधली, म्हणाला. केबिनमधून वरचा पाला दिसत नाही, मला शिकवतो! खाली उतरून, झाडामागून झाड, सगळी रांग चालतो तो. म्हणून डब्याला उशीर.

"कधीपासून?" म्हटलं.

त्याने किटली लावली. लॅमिंग्टन केक पुढे केला.

रविवार, २७ ऑक्टोबर

आज तो आला. दारातच उभं राहून सांगितलं.

सप्टेंबरमध्ये. पहिल्याच आठवड्यात. मी तपासलेली रांग, फीत नव्हती, त्याने झाड पाडलं. वर मादी होती. पाठीवर पिल्लू. दोघांना त्याने कुंपणाशी पुरलं आणि कुणालाच बोलला नाही.

"सांगितलं असतं तर तू पुन्हा वर बघितलंच नसतंस, ब्रॉन."

गाठीवरून हसला त्या दिवशी तो खूश होता. निदान जास्त बांधतेय, कमी नाही.

उद्या फर्गसला मी सांगणार, माझ्या डोळ्याचं आणि त्या मादी-पिल्लाचंही. लपवलं म्हणून केलचंही काम जाईल. जाऊ दे, म्हणाला.

संध्याकाळी कुंपणापाशी गेलो. तो गाडीतच बसला. तारेला फीत आहे, उन्हाने पांढरी पडलेली. बोटांनी चाचपली. डावी गाठ. त्याने बांधलेली पहिली.